रुग्णवाहिका, अग्निशमन आणि बचावपथकात नव्याने आलात? ताण सांभाळायला पहिल्या दिवसापासून शिका

प्रशिक्षणात छातीदाब कसा द्यायचा, होज कशी धरायची, दोराला कुठली गाठ मारायची हे सगळं शिकवतात. पण मध्यरात्री अपघातातलं पोर कॅज्युअल्टीत सोपवून तुम्ही लोकेशनवर, म्हणजे गाडी उभी राहते त्या ठरलेल्या जागी, परत येता, तेव्हा पुढचा कॉल येईपर्यंत स्वतःचं काय करायचं, हे बहुतेक ठिकाणी कुणी सांगत नाही. जुने लोक म्हणतात, "सवय होईल." हातांना सवय होते, हे खरं. झोपेला, रक्तदाबाला, घरच्यांशी बोलण्याच्या पद्धतीला ती आपोआप होत नाही.

म्हणून नव्याने येणाऱ्यांना मी सुरुवातीलाच सांगतो की स्वतःची काळजी सुट्टीच्या दिवसासाठी राखून ठेवू नका. शिफ्ट सुरू होताना तुम्ही ऑक्सिजन सिलिंडरचा दाब बघता, सक्शन चालतंय का पाहता, बंबातलं पाणी तपासता. त्याच यादीत स्वतःलाही घाला. पुढे शिफ्टच्या क्रमानेच सांगतो: ड्यूटीआधी, वर्दी (म्हणजे मदतीचा कॉल) आल्यावर, काम संपल्यावरचा पहिला तास, घर, आणि नंतरचे आठवडे.

आधी ताण म्हणजे काय ते ओळखा

वर्दी आली की शरीरात अॅड्रेनालिन सुटतं. ठोके वाढतात, तोंड कोरडं पडतं, नजर समोरच्या एका गोष्टीवर खिळते, बाजूचे आवाज ऐकू येत नाहीत. काही मिनिटांचं काम तासभर चालल्यासारखं वाटतं, किंवा तासभराचं काम क्षणात संपल्यासारखं. सगळं आटोपल्यावर हात थरथरतात, मळमळतं, कधी रडू येतं तर कधी उगाच हसू येतं. यातलं काहीही भित्रेपणाचं लक्षण नाही. शरीराने घेतलेला वेग खाली उतरायला वेळ लागतो, इतकंच.

महाराष्ट्रात बचावकार्य म्हटलं की मोठी नावं आठवतात. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण, २२ जुलै २०२१ ला महाडजवळचं तळीये, १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. अशा ठिकाणी काम केलेल्या माणसाला त्रास होणार, हे लोकांना निदान कळतं. पण माणूस आतून झिजतो तो रोजच्या गोष्टींनी. खाट नाही म्हणून तीन रुग्णालयं फिरणं, स्ट्रेचर मोकळं होईपर्यंत दारात थांबणं, वाट न देणारी गाडी, अंगावर येणारे नातेवाईक, वर्षावर्षाचं कंत्राट, अर्धवट झोप. हा ताण दिसत नाही, त्याचा पंचनामा होत नाही, म्हणून तो साचतो. नव्या माणसाने मोठ्या प्रसंगाची तयारी जरूर करावी, पण आधी रोजच्या झिजेची करावी.

आणखी एक गोष्ट. "मला काय झालंय, मी तर नुसता पाहणारा," असं आमच्या कामातले लोक फार म्हणतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदान-पुस्तिकेत आघातानंतरच्या ताणविकाराचे, म्हणजे पीटीएसडीचे, निकष दिले आहेत. त्यात कामाच्या निमित्ताने पुन्हा पुन्हा भयंकर तपशिलांना सामोरं जाणं हेही एक कारण धरलं आहे, आणि उदाहरण दिलं आहे ते मानवी अवशेष गोळा करणाऱ्या बचावकर्मींचं. तेव्हा आपल्यावर काही कोसळलं नव्हतं म्हणून आपल्याला त्रास व्हायचा हक्क नाही, असं समजू नका.

ड्यूटीआधी: झोप, डबा, पाणी

सगळ्यात आधी झोप. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात असं दिसलं, की सलग १७ तास जागलेल्या माणसाची कामगिरी १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतकी ढासळते. २४ तास जागल्यावर ती १०० मिलिग्रॅमच्या पातळीला जाते. आपल्या मोटार वाहन कायद्यात मद्यपान करून गाडी चालवण्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. म्हणजे दिवसभर दुसरी नोकरी करून रात्री रुग्णवाहिकेच्या किंवा बंबाच्या स्टिअरिंगवर बसणारा माणूस एक थेंबही न घेता त्या मर्यादेच्या पलीकडे गेलेला असू शकतो. पायलट मंडळींनी, म्हणजे रुग्णवाहिकेच्या चालकांनी, हे विशेष लक्षात ठेवावं, आणि मागे बसणाऱ्या डॉक्टरांनीही. कारण औषधाची मात्रा मोजणारा मेंदू तोच आहे.

रात्रपाळी असेल तर असं करा:

- निघण्याआधी, दुपारी किंवा संध्याकाळी, दीड तास तरी झोप काढा. येत नसेल तरी अंधारात पडून राहा.
- रात्री संधी मिळाली तर वीस मिनिटांची डुलकी घ्या. त्याहून लांबली तर गाढ झोपेतून उठावं लागतं आणि उठल्यावर डोकं जड राहतं. उठल्याबरोबर निर्णय घ्यायची वेळ आली, तर जोडीदाराला मोठ्याने सांगून दोघांनी ताडून पाहा.
- पहाटे तीन ते पाच हा शरीराचा सर्वांत मंद काळ. औषधाचं नाव, मात्रा, पत्ता, व्हॉल्व्हची दिशा असं सगळं या वेळात दोनदा वाचा.
- चहा-कॉफी शिफ्टच्या पहिल्या अर्ध्यात. कॅफीनचा निम्मा अंश पाच तासांनंतरही रक्तात असतो. पहाटे पाचला घेतलेला कडक चहा सकाळी नऊला झोपू देत नाही.
- ड्यूटी संपल्यावर दुचाकीवरून लांब घरी जायचं असेल आणि डोळे मिटत असतील, तर आधी केंद्रावर अर्धा तास झोपा. हे कुणी सांगत नाही, पण या कामातला मोठा धोका घरी परतण्याच्या रस्त्यावर आहे.

दिवसा झोपायचं तर घरच्यांची साथ लागते. चाळीत किंवा दोन खोल्यांच्या घरात हे अवघड असतं, मला ठाऊक आहे. तरीही खिडकीला जाड चादर लावणं, बेल बंद करणं, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवणं एवढं जमतं. शेजाऱ्यांना एकदा नीट सांगितलं की तेही सांभाळून घेतात. "दिवसा झोपलेला माणूस" आळशी दिसतो, म्हणून सासू-सासऱ्यांना, आई-वडिलांना तुमचं वेळापत्रक कागदावर लिहून द्या. सुनेची रात्रपाळी असेल तर हे दुप्पट गरजेचं आहे. सकाळी घरी आल्याबरोबर तिने पोळ्यांना लागावं, अशी अपेक्षा अजूनही बऱ्याच घरांत असते.

मग डबा. टपरीवरचा वडापाव आणि चहा यांवर बारा तास काढणारे बरेच जण मला माहीत आहेत. चाळिशीपर्यंत ते निभतं, पुढे शरीर हिशोब मागतं. भाकरी, उसळ, शेंगदाण्याची चटणी, केळी, चिक्की, फुटाणे हे सगळं न गरम करता, कधीही, गाडीत बसून खाता येतं. दोन वेळचं जेवण एकदम करण्यापेक्षा थोडं थोडं चार वेळा खा. आगीवर काम करणाऱ्यांनी पाण्याबरोबर मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस जवळ ठेवावं. अंगावरच्या जड पोशाखात घाम किती जातो, ते कळतच नाही.

महिला सहकाऱ्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. लोकेशनवर स्वच्छतागृह नाही म्हणून बऱ्याच जणी ड्यूटीभर पाणीच पीत नाहीत. त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग, डोकेदुखी, चिडचिड होते आणि मग ती "स्वभावावर" ढकलली जाते. नव्या लोकेशनवर गेल्यावर पहिल्याच दिवशी जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र, पोलीस ठाणं, पेट्रोल पंप बघून ठेवा आणि पायलटदादांना सांगून ठेवा की मधूनमधून तिथे थांबायचं आहे. पंपावरचं स्वच्छतागृह मागायला संकोच करू नका.

शरीराबद्दल शेवटचं. इर्शाळवाडीला वर जायला गाडीरस्ता नव्हता. चिखलातून डोंगर चढून जावं लागत होतं. त्या चढणीवर नवी मुंबईहून मदतीला निघालेल्या एका अग्निशमन अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. अमेरिकेतही कामावर असताना दगावणाऱ्या अग्निशामकांच्या मृत्यूंमागे हृदयविकार हे वर्षानुवर्षं सर्वांत मोठं कारण राहिलं आहे. झोपेचे हाल, अचानक चढणारा वेग, उष्णता आणि तंबाखू हे सगळं शेवटी हृदयावर येतं. महिन्यातून एकदा स्वतःचा रक्तदाब मोजा, वर्षातून एकदा साखर आणि ईसीजी. यंत्रं हाताशी असतात, फक्त पट्टी स्वतःच्या दंडाला लावायची असते.

वर्दी आल्यावर

गाडी निघाली की पहिली दोन मिनिटं तुमच्या हातात असतात. त्यात दोन कामं करा.

पहिलं, श्वास. नाकाने चार आकड्यांपर्यंत आत, सहा आकड्यांपर्यंत सावकाश बाहेर, असं चार-पाच वेळा. बाहेर सोडायचा श्वास लांबवला की ठोके थोडे खाली येतात आणि नजर मोकळी होते. हे शांत वेळी रोज केलं असेल तरच गडबडीत जमतं. म्हणून सकाळी गाडी तपासताना एकदा कराच.

दुसरं, मोठ्याने वाटणी. "मी श्वासमार्ग बघतो, तुम्ही स्ट्रेचर घ्या, नातेवाइकांशी मी बोलेन." कोण काय करणार हे ठरलेलं असलं की घटनास्थळी गोंधळ कमी होतो आणि नंतर "मी काहीच केलं नाही" ही टोचणीही कमी राहते.

घटनास्थळी जेवढं बघणं कामाला लागतं तेवढंच बघा. हे निर्दयपणाचं वाटेल, पण जुनी अनुभवी माणसं हेच करतात. मृतदेह हलवताना चेहऱ्याकडे, हातावरच्या मेंदीकडे, खिशातल्या फोटोकडे पाहत राहू नका. ओळख पटवणं ज्याचं काम आहे त्याला ते करू द्या. चादर लवकर टाका. त्यात मृत माणसाचा मान आहे आणि तुमच्या डोळ्यांची विश्रांतीही. पाण्यातून किंवा ढिगाऱ्यातून काही दिवसांनी काढलेल्या देहाचा वास मनात फार काळ राहतो. साध्या मास्कला आतून किंचित बाम लावला तर तो थोडा अडतो. श्वसनयंत्र वापरत असाल तर मात्र असलं काही लावू नका.

काम लांबलं, म्हणजे ढिगारा, पूर, मोठी आग, तर जोड्या करा. प्रत्येकाने आपल्या जोडीदाराकडे दर तासाला बघायचं: पाणी प्यायला का, बोलणं सरळ आहे का, हात थरथरतायत का. विश्रांतीची जागा देह ठेवलेल्या जागेपासून लांब, नजरेआड आणि नातेवाइकांच्या आक्रोशापासून दूर असावी. इर्शाळवाडीत यंत्रं वर नेता आली नाहीत, हाताने खोदावं लागलं. अशा कामात माणसं बदलत राहणं हाच उपाय असतो. "मी नाही थकलो" म्हणणाऱ्या तरुणाला तिथून हुकूम देऊन खाली पाठवावं लागतं. तो तरुण तुम्ही असाल तर वाद न घालता खाली या.

जमावाबद्दल. नातेवाईक चिडतात कारण ते असहाय झालेले असतात, आणि समोर युनिफॉर्ममधले तुम्हीच दिसता. एकानेच बोलायचं, थोडकं आणि खरं: मी कोण, आत्ता काय करतोय, आता कुठे नेणार. "काही होणार नाही" असं कधीही म्हणू नका. हात उगारला जातोय असं दिसलं तर रुग्णाला गाडीत घ्या, दारं लावा, गाडी हलवा आणि ११२ ला कळवा. डॉक्टर आणि वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यासाठी महाराष्ट्रात २०१० सालचा वेगळा कायदा आहे. तो गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, आणि त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. धक्काबुक्की झाली तर "जाऊ दे" म्हणून सोडू नका, लेखी नोंद करा. गिळलेला अपमान पुढच्या निर्दोष रुग्णावर निघतो.

सोपवून आल्यावरचा पहिला तास

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात उपयोगी वेळ हाच.

हँडओव्हर झाला, सही घेतली. आता आधी हात, मनगटं, चेहरा साबणाने धुवा. कपड्यावर रक्त असेल तर बदला. त्यासाठी गाडीत एक जास्तीचा शर्ट कायम ठेवा. पाणी प्या, दोन घास खा. मग गाडी दोघांनी मिळून साफ करा. एकट्या माणसावर रक्त पुसायचं काम टाकू नका, विशेषतः लहान मुलाची केस असेल तर. हे काम हातांना गुंतवतं आणि बोलणं आपोआप सुरू होतं.

बोलायचं काय? चार प्रश्न पुरतात. काय झालं? काय जमलं? पुढच्या वेळी काय वेगळं करू? आणि आत्ता तू कसा आहेस? पाच मिनिटांत संपवा. कुणाला बोलायचं नसेल तर बोलायला लावू नका. पूर्वी मोठ्या घटनेनंतर सगळ्यांना एकत्र बसवून प्रत्येकाकडून प्रसंग तपशिलात वदवून घेण्याची पद्धत बरीच पसरली होती. पण अशा एका सक्तीच्या बैठकीने पीटीएसडी टळत नाही आणि काहींना उलट त्रास होऊ शकतो, असं चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यांतून पुढे आलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची मार्गदर्शिका काढली. तिचं सूत्र तीन क्रियांचं आहे: पाहा, ऐका, जोडा. सहकारी सुरक्षित आहे का, भुकेला-थकलेला आहे का ते पाहा. तो सांगेल तेवढं ऐका. मग गरज असेल तिथे जोडून द्या: घरी फोन, वरिष्ठ, डॉक्टर. नव्या माणसालाही हे पहिल्या दिवसापासून करता येतं.

मोबाइलचं बंधन कडक ठेवा. घटनास्थळाचे फोटो आणि व्हिडिओ तासाभरात गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येतात. ते पाहू नका, साठवू नका, पुढे पाठवू नका. आपण प्रत्यक्ष पाहिलेलं मन हळूहळू जुनं करतं, पण स्क्रीनवर तेच पुन्हा पुन्हा पाहिलं की ते दर वेळी ताजं होतं. ग्रुपमधून आपोआप डाउनलोड होणं आजच बंद करून टाका. मृताच्या घरच्यांच्या दृष्टीनेही ते फोटो पसरणं अन्यायाचं आहे.

आणि स्वतःवरचा आरोप. नव्या माणसाच्या पहिल्या काही केसेस "ब्रॉट डेड", म्हणजे रुग्णालयात पोहोचण्याआधीच मृत, निघतात आणि तो रात्रभर विचार करतो की दोन मिनिटं लवकर पोहोचलो असतो तर. रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्या रुग्णांपैकी अमेरिकेसारख्या देशातही दहातला साधारण एकच वाचून घरी जातो. आपल्याकडे बरेचदा फोनच उशिरा येतो आणि तोवर कुणी छातीदाब दिलेला नसतो. जे घडलं त्यातलं तुमच्या हातात काय होतं आणि काय नव्हतं, हे कागदावर दोन रकान्यांत लिहून काढा. हातात होतं त्या रकान्यात काही असेल तर ते शिकून घ्या, अनुभवी माणसाला विचारा. दुसऱ्या रकान्यातलं ओझं तुमचं नाही.

घरी पोहोचल्यावर

युनिफॉर्म दाराशीच उतरवा, वेगळा धुवा. आंघोळ करा. मग पंधरा-वीस मिनिटं कुणी काही विचारू नये, असं घरात आधीच ठरवून ठेवा. मुलांनाही हे समजतं, "बाबा आधी चहा पितात, मग खेळतात" एवढ्या भाषेत.

घरी किती सांगायचं? माझा सल्ला असा: ओझं सांगा, दृश्य सांगू नका. "आज एक लहान मूल गेलं, माझं मन थाऱ्यावर नाही" हे बायकोला किंवा नवऱ्याला कळायलाच हवं. नाहीतर तुमची चिडचिड त्यांना स्वतःवरची वाटते. देहाची अवस्था सांगायची गरज नाही. ते बोलायला सहकारी आहेत. आणि आपल्या मुलाच्या वयाच्या मुलाची केस झाली असेल, तर पुढचे काही दिवस तुम्ही त्याला रस्त्यावर एकटं सोडणार नाही, रात्री उठून त्याचा श्वास बघाल. जवळजवळ सगळ्यांना हे होतं. घरच्यांना कारण माहीत असलं की ते हसत नाहीत.

दारूबद्दल कुणी उपदेश ऐकत नाही, तरी सांगतो. दोन पेग घेतल्यावर डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप मोडते आणि स्वप्नांची झोप बिघडते. तीच झोप मनाला लागलेलं जिरवत असते. काही सुचत नाही म्हणून रोज प्यायला लागलात, तर ती ताणाची खूण समजा आणि पुढच्या भागात सांगितलंय तिकडे जा. तंबाखूचंही तसंच: मळताना शांत वाटतं, पण निकोटिन ठोके वाढवतं. झोपेच्या गोळ्या तर स्वतःच्या मनाने कधीच नकोत. रुग्णालयात ओळखी असल्यामुळे त्या आपल्याला सहज मिळतात, म्हणून आपल्याला धोका जास्त.

ताण उतरवायला रोज अर्धा तास घाम येईल असं काहीतरी करा. कबड्डी, पोहणं, सायकल, शेतातलं काम, काहीही. आणि एक तरी माणूस असा ठेवा ज्याला तुमच्या कामातलं काहीच कळत नाही. भजनी मंडळ, ढोल-ताशा पथक, गल्लीतला क्रिकेटचा कंपू. तिथे तुम्ही नुसते तुम्ही असता.

पहिले दिवस, पहिला महिना आणि त्यानंतर

वाईट प्रसंगानंतर काही दिवस प्रसंग डोळ्यांसमोर येणं, झोप तुटणं, सायरन वाजला की दचकणं, भूक मरणं, त्या रस्त्याने जावंसं न वाटणं, हे बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं दोन-चार आठवड्यांत ओसरतं. या काळात दिनक्रम मोडू नका, एकटे राहू नका, मोठे निर्णय घेऊ नका. नोकरी सोडायचा विचार त्या आठवड्यात पक्का करू नका.

महिना उलटूनही हे चालू असेल, किंवा कमी होण्याऐवजी वाढत असेल, तर तज्ज्ञांकडे जा. महिन्याची वाटही न पाहता जायचं ते अशा वेळी: जगणं नको वाटतं, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायचे विचार येतात, कामावर जायच्या कल्पनेनेच छाती धडधडते, रोज दारू लागते, किंवा काहीच वाटेनासं झालंय, ना दुःख ना आनंद. हे शेवटचं लोकांना कणखरपणा वाटतो. मला ते सगळ्यात काळजीचं वाटतं.

जायचं कुठे?

टेलिमानस ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. रात्रपाळीच्या माणसाला हे सोयीचं, कारण पहाटेही कुणीतरी उचलतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे राज्य शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, आणि तिथे बाह्यरुग्ण विभागही चालतो. आपणच रुग्ण नेतो तिथे आपण रांगेत कसं उभं राहायचं, हा संकोच मोठा असतो. तसं असेल तर शेजारच्या तालुक्यात किंवा जिल्ह्यात जा, पण जा.

उपचार म्हणजे लगेच गोळ्या असं नाही. आघातावर केंद्रित बोलण्याच्या उपचारपद्धती आहेत. त्या काही आठवड्यांच्या, ठरावीक बैठकांच्या असतात आणि चांगला गुण देतात. गरज पडल्यास औषधं असतात, त्यांची सवय लागतेच असं नाही.

"कळलं तर नोकरी जाईल" ही भीती सगळ्यांना असते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार उपचाराची माहिती गोपनीय ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. त्याच कायद्यात विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने संरक्षण द्यावं, असंही आहे. गटविमा असेल तर त्याची कागदपत्रं एकदा वाचून घ्या.

सहकाऱ्याबद्दल शंका आली तर सरळ विचारा: "जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. विचारल्याने बहुधा सुटकाच वाटते. उत्तर हो असेल तर त्याला एकटं सोडू नका, औषधं, दोर, कीटकनाशक त्याच्या हाताशी राहू देऊ नका, घरच्यांना कळवा, १४४१६ लावा. धोका समोर दिसत असेल तर सरळ रुग्णालयात न्या. गुपित ठेवायचं वचन अशा वेळी देऊ नका.

ज्यांना कुणी विचारत नाही ते

दोन गट हमखास सुटतात. पहिला, नियंत्रण कक्षातले. १०८ किंवा ११२ चा फोन उचलणारी मुलगी किंकाळ्या ऐकते, सूचना देते, आणि गाडी पोहोचली की तिची लाइन बंद होते. पुढे काय झालं ते तिला कधी कळत नाही. गाडीवर असाल तर एखाद्या अवघड कॉलनंतर कक्षाला दोन वाक्यांत निकाल कळवा. कक्षात असाल तर अशा कॉलनंतर हेडफोन काढून दोन मिनिटं उभं राहायची परवानगी मागा.

दुसरा गट स्वयंसेवकांचा. २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची सहलीची बस दरीत कोसळली, ३० जण गेले. दोर लावून खाली उतरणाऱ्यांत आसपासच्या ट्रेकर मंडळींचा मोठा वाटा होता. अशी माणसं दुसऱ्या दिवशी सकाळी आपलं दुकान उघडतात, वर्गात शिकवायला उभी राहतात. त्यांना ना ड्यूटी रजा, ना वरिष्ठ, ना कुणी विचारणारं. अशा पथकात असाल तर तीन नियम आधीच करून ठेवा: अठरा वर्षांखालील कुणाला देह हाताळायला नेणार नाही, कुणीही कारण न सांगता "आज नको" म्हणू शकेल, आणि मोठ्या कामानंतर आठवड्याभरात प्रत्येकाला पथकातला कुणीतरी फोन करेल.

सहकारी गमावल्यावर

अग्निशमन दलात दरवर्षी १४ एप्रिलला मानवंदना होते, ती १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या अग्निशामकांसाठी. ९ मे २०१५ ला काळबादेवीच्या आगीने मुंबई दलाचे चार अधिकारी नेले. आपल्यातला माणूस जातो तेव्हा वरचे सगळे नियम अपुरे पडतात. तेव्हा घाई करू नका. अंत्यविधीला जाण्यासाठी बदली ड्यूटी मागा, दुसऱ्या केंद्राचे लोक ती आनंदाने घेतात. त्याच्या घरी दहाव्या-तेराव्यानंतरही जात राहा. घरच्यांना खरी गरज तिथून पुढे असते: पेन्शनचे कागद, मुलांची शाळा, विम्याचा अर्ज. तुमच्या दुःखालाही त्या कामात जागा मिळते.

वरिष्ठांकडे काय मागायचं

नव्या माणसाला मागायची भीती वाटते, म्हणून मोजकंच आणि ठोस मागा. बालमृत्यू किंवा अनेक मृत्यूंच्या केसनंतर अर्धा तास गाडी कॉलसाठी बंद दाखवायची मुभा. सलग दोन रात्रपाळ्यांनंतर एक पूर्ण दिवस. लोकेशनवर पंखा, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह. पहिले तीन महिने एकाच अनुभवी जोडीदाराबरोबर ड्यूटी. यातल्या पहिल्या आणि शेवटच्या गोष्टीला एक रुपयाही खर्च येत नाही, तेव्हा सुरुवात तिथून करा. एकट्याने तोंडी सांगण्यापेक्षा केंद्रातल्या चार-पाच जणांच्या सहीने अर्ज द्या, आवक क्रमांक घ्या आणि त्याची प्रत आपल्याकडे ठेवा.